कापडवाल्याचा मुलगा

रोमहून असिसीला जायला दोन-अडीच तास लागतात आणि पुष्कळदा मध्ये फोलिन्योला गाडी बदलावी लागते. आम्हाला तिथे अर्धा तास मिळाला. फलाटावरच्या बाकाशी सामान ठेवून मी भाचीला म्हटलं, "गोष्ट इथूनच सुरू होते बघ. आठशे वर्षांपूर्वी या गावच्या बाजारात एका मुलानं बापाच्या दुकानातले ताके आणून विकले. ज्या घोड्यावरून आणले तो घोडाही विकला आणि चालत परत गेला."

"बाबांना विचारून?"

"नाही."

"मग ती चोरीच की, आत्या."

माझ्या भावाची ही मुलगी दहा वर्षांची. इचलकरंजीत आमचं कापडाचं दुकान आहे, आजोबांनी घातलेलं. मी त्या दुकानात वाढले, आता ती वाढते आहे. शाळा सुटली की गल्ल्याशेजारी बसून गृहपाठ करायचा आणि रात्री दुकान वाढवायच्या वेळी, दिवसभर गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या कापडांच्या घड्या घालायला बाबांना मदत करायची, हा तिचा रोजचा क्रम. ताक्याची किंमत काय आणि उधारी थकली की घरात काय होतं, हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नाही. तिनं लगेच बापाची बाजू घेतली याचं मला बरं वाटलं. संत फ्रान्सिसची गोष्ट मुलांना सांगताना आपण पाखरांपुढचं प्रवचन आणि माणसाळलेला लांडगा एवढ्यावर थांबतो. गोष्ट गोड होते, पण त्या माणसानं काय सोडलं आणि ते सोडताना घरात केवढी मोडतोड झाली, हे मुलांपर्यंत पोचतच नाही. त्याची सगळी गोष्ट कापडाची आहे. आणि कापड हिला कळतं.

खरं तर ही सहल ठरली जुन्या गोव्यात. से कॅथेड्रलला लागूनच असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आहे. रस्त्यापलीकडे बॉम जेझूमध्ये ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर वेगळे, या फ्रान्सिसच्या मागून तीनशे वर्षांनी आलेले. पण नावामुळे आपल्याकडे अनेकांचा घोळ होतो. फ्रान्सिस्कन पंथाचे धर्मबंधू १५१७ साली गोव्यात आले; आज उभी आहे ती इमारत १६६१ ची. वेदीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर त्याच्या आयुष्यातले प्रसंग रंगवले आहेत आणि त्याच्या मूर्तीखाली तीन व्रतं कोरली आहेत: गरिबी, नम्रता, आज्ञापालन. भाची बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सगळीकडे सोनं, आणि याच्या कमरेला साधी दोरी का?" एका वाक्यात सांगता येण्यासारखं ते उत्तर नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो.

असिसीचं स्टेशन खाली सपाटीवर आहे. गाव वर, सुबासियो डोंगराच्या उतारावर. फलाटावरूनच ते सगळं दिसतं: डाव्या टोकाला संत फ्रान्सिसच्या बासिलिकाच्या कमानींची भक्कम रांग, वर पडका किल्ला, मध्ये घरांच्या उतरंडी. दगड याच डोंगरातला, पांढरट आणि आतून गुलाबी झाक असलेला. संध्याकाळचं ऊन पडलं की सबंध गाव साईच्या रंगाचं दिसतं. बस वळणं घेत वर चढते आणि वेशीच्या कमानीपाशी सोडते. पुढे चालणं, आणि चालणं म्हणजे चढणंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी चौकात गेलो. तिथे मिनर्वा देवीच्या रोमन देवळाचे सहा खांब अजून ताठ उभे आहेत. देऊळ ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातलं. आत आता चर्च आहे. फ्रान्सिस लहानपणी याच खांबांवरून येत-जात असणार, कारण त्याचं घर इथून हाकेच्या अंतरावर होतं. घराच्या जागी आता 'किएझा नुओवा', म्हणजे नवं चर्च, उभं आहे. नवं म्हणजे सतराव्या शतकातलं.

या घरात ११८१ किंवा ११८२ साली मुलगा जन्मला. बाप पिएत्रो दि बेर्नार्दोने कापडाचा बडा व्यापारी, माल आणायला फ्रान्सपर्यंत जाणारा. तो फिरतीवर असताना आईनं, पिकानं, मुलाचं नाव जोव्हान्नी ठेवलं. बाप परत आला आणि त्यानं हाक मारायला सुरुवात केली फ्रान्चेस्को, म्हणजे 'फ्रेंच माणूस'. ज्या देशानं धंदा दिला त्या देशाचं नाव पोराला! मी म्हटलं, आपल्याकडे एखाद्यानं कौतुकानं पोराला 'सुरती' म्हणावं तसं. भाचीला ते लगेच पटलं.

पोरगा दुकानात बसायचा. गोड बोलायचा, गिऱ्हाईक खूश व्हायचं, पण गल्ल्यातला पैसा मित्रांवर उधळायचा. कपड्यांचा शौक तर असा, की एकाच झग्यात उंची कापड आणि अगदी हलकं, जाडंभरडं कापड शेजारी शेजारी शिवून घ्यायचा. ही आठवण त्याच्या सोबत्यांच्या नावावर लिहिली गेलेल्या चरित्रात आहे. आणखी एक त्याहून महत्त्वाची आहे. एक दिवस दुकानात गर्दी असताना एक भिकारी आला आणि देवाच्या नावानं मागू लागला. फ्रान्सिसनं त्याला हाकललं. मग ताका हातात धरूनच तो विचारात पडला: हाच माणूस एखाद्या सरदाराच्या नावानं मागायला आला असता तर मी दिलं असतं ना? तो उठला आणि भिकाऱ्याच्या मागे रस्त्यावर धावला.

"गिऱ्हाईक सोडून?" भाचीनं विचारलं.

"गिऱ्हाईक सोडून."

दुकानदाराच्या घरात याला काय म्हणतात ते तिला ठाऊक आहे. ती काही बोलली नाही.

पुढची काही वर्षं मी तिला चालता चालता सांगून टाकली. १२०२ मध्ये असिसीची शेजारच्या पेरुजा शहराशी लढाई झाली. फ्रान्सिस पकडला गेला, वर्षभर तुरुंगात राहिला, सुटला तो आजारी होऊन. बरा झाल्यावर पुन्हा एका युद्धावर निघाला आणि स्पोलेतोहून मागे फिरला. आता त्याचं मन दुकानात लागेना. वाटेत एक कुष्ठरोगी दिसला तेव्हा, ज्यांच्या वाऱ्यालाही तो उभा राहत नसे, त्यांतल्या एकासमोर तो घोड्यावरून उतरला, हातावर नाणं ठेवलं आणि त्या हाताचं चुंबन घेतलं. आयुष्याच्या शेवटी त्यानं लिहून ठेवलं की आपलं सगळं बदललं ते कुष्ठरोग्यांच्या सहवासापासून.

सान दामियानोचं चर्च गावाच्या तटाबाहेर, ऑलिव्हच्या बागांतून वीसेक मिनिटं उतरल्यावर लागतं. आम्ही गेलो तेव्हा झाडांखाली जाळ्या अंथरल्या होत्या आणि शिडीवर चढलेली माणसं फांद्या विंचरल्यासारखी फळं ओरबाडत होती. चर्च इतकं लहान की गर्दीत चुकून पुढे निघून जावं. फ्रान्सिसच्या काळी ते मोडकळीला आलेलं होतं. तिथल्या क्रूसासमोर प्रार्थना करताना फ्रान्सिसला येशूचा आवाज ऐकू आला, आपलं घर कोसळतंय ते दुरुस्त कर, असं सांगणारा. त्यानं त्याचा सरळ अर्थ घेतला. हे घर म्हणजे हेच चार भिंतींचं चर्च. मला त्याचं हे फार आवडतं. मोठा अर्थ शोधत न बसता तो दगड-चुन्याच्या मागे लागला. त्यासाठी पैसा हवा, म्हणून घरी गेला, दुकानातलं लाल कापड घेतलं आणि फोलिन्यो गाठलं.

पैसे आणले, पण सान दामियानोच्या धर्मगुरूंनी ते घेतले नाहीत. बापाचा राग त्यांना माहीत होता. फ्रान्सिसनं थैली तशीच खिडकीच्या कोनाड्यात भिरकावली. बाप शोधत आला तेव्हा तो लपून बसला, सुमारे महिनाभर. मग एक दिवस स्वतःच गावात गेला. खंगलेला, मळलेला. लोकांनी वेडा म्हणून चिखल आणि दगड मारले. बापानं ओढत घरी नेलं आणि कोंडून घातलं.

ती कोंडण्याची जागा 'किएझा नुओवा'मध्ये दाखवतात. भिंतीतला एक अरुंद कोनाडा, आत हात जोडून गुडघे टेकलेला फ्रान्सिस. बाहेर अंगणात आईबापांचे काशाचे पुतळे आहेत आणि पिकाच्या हातात साखळी आहे. बाप धंद्यासाठी परगावी गेल्यावर तिनंच मुलाला सोडलं. भाचीनं त्या साखळीला हात लावला आणि विचारलं, "मग तिला किती बोलणी बसली असतील?" चरित्रात आहे ते उत्तर मी दिलं: बसली.

पुढचा प्रसंग बिशपच्या वाड्यासमोर, १२०६ मध्ये. बापानं फिर्याद केली होती: पैसे परत दे आणि वारसा सोड. बिशप ग्विदोंनी सांगितलं, पैसे बापाचे आहेत, देऊन टाक. फ्रान्सिसनं पैसे तर दिलेच, पण आत जाऊन अंगावरचे सगळे कपडे उतरवले, त्यांवर पैशांची थैली ठेवली आणि उघडाच बाहेर येऊन तो ढीग बापापुढे ठेवला. आजवर पिएत्रोला बाप म्हणत आलो, यापुढे माझा पिता स्वर्गातला, असं त्यानं भर चौकात सांगितलं. बिशपनी आपला झगा त्याच्याभोवती धरला.

त्या जागेला आता कपडे उतरवण्याचंच नाव आहे, 'स्पोल्यात्सिओने'चं देवस्थान. आत मात्र गर्दी एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या कबरीपाशी असते. कार्लो अकुतिस, १९९१ मध्ये जन्मलेला, २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेलेला, संगणकवेडा मुलगा. आपल्याला असिसीतच पुरावं, अशी त्याची इच्छा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये तो संत म्हणून घोषित झाला. काचेमागे तो जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घालून झोपल्यासारखा दिसतो. शाळेच्या सहलींतली मुलं काचेला नाक लावून आधी बूटच बघतात. भाचीनंही तेच केलं.

फ्रान्सिसनं कपडे उतरवल्याचा प्रसंग चित्रात बघायचा तर वरच्या बासिलिकात जायला हवं. फ्रान्सिसला १२२८ मध्ये, मरणानंतर दोन वर्षांच्या आत, संतपद मिळालं आणि लगेच या बासिलिकाची पायाभरणी झाली. चर्चवर चर्च असे दोन मजले, आणि त्यांखाली कबर. वरच्या मजल्यावर भिंतीभर २८ चित्रं आहेत. परंपरा ती जोत्तोची मानते. अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात इथलं छत कोसळून चार माणसं दगावली आणि छतावरच्या चित्रांचा चुरा झाला. हजारो तुकडे गोळा करून, जुळवून ते छत पुन्हा उभं केलं. काही रिकाम्या जागा तशाच ठेवल्या आहेत, मान वर केली की दिसतात.

पाचव्या चित्रासमोर आम्ही खूप वेळ उभ्या होतो. उजवीकडे फ्रान्सिस, हात वर, कमरेला बिशपनी धरलेलं वस्त्र. आकाशातून एक हात खाली आला आहे. डावीकडे पिवळ्या झग्यातला बाप, पुढे झेपावलेला, आणि मागच्या माणसानं त्याचं मनगट धरून ठेवलेलं. दुसऱ्या हातावर पोराचे कपडे. मी या चित्राचे फोटो पूर्वी अनेकदा पाहिले होते, नेहमी फ्रान्सिसकडे बघत. भाचीच्या शेजारी उभं राहून मी पहिल्यांदा त्या हातावरच्या कपड्यांकडे पाहिलं.

"हे कापड त्यांच्याच दुकानातलं असणार," ती म्हणाली.

खालच्या मजल्याला लागून वस्तुसंग्रहाची खोली आहे. तिथे काचेत फ्रान्सिसचा झगा टांगला आहे. मेणबत्त्यांच्या उजेडातल्या मूर्ती बघून आलेल्या माणसाला तो बघताना गलबलतं. जाड, खरखरीत, बिनरंगवलेली लोकर. फ्रान्सिस्कनांचा तपकिरी रंग पुढच्या काळातला. सुरुवातीला ते मेंढीच्या अंगावरचाच राखट रंग वापरायचे, कारण कापडात रंगाची किंमत मोठी असते. आणि ठिगळं! ठिगळावर ठिगळ, कुठे आडवं, कुठे तिरपं, टाके साधे. भाची काचेच्या अगदी जवळ गेली, वाकून धागा बघू लागली. दुकानातली सवय. "आत्या, सगळी ठिगळं एका कापडाची नाहीत." खरं होतं. कापडाच्या अभ्यासकांनी ताडून पाहिलं तेव्हा यातली काही ठिगळं संत क्लारेच्या झग्याच्या कापडाशी जुळली. क्लारा असिसीतल्या उमराव घरातली. १२१२ मध्ये झावळ्यांच्या रविवारी रात्री घर सोडून ती फ्रान्सिसच्या वाटेनं निघाली, सान दामियानोत राहिली आणि १२५३ मध्ये वारली. तिचा झगा गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या बासिलिकात आहे. सान दामियानोचा तो बोलणारा क्रूसही आता तिथेच असतो.

त्याच खोलीत एक हस्तिदंती शिंगही आहे. १२१९ मध्ये, धर्मयुद्ध पेटलेलं असताना, फ्रान्सिस इजिप्तमध्ये दमियेत्ताला गेला आणि लढाईची फळी ओलांडून सुलतान अल-कामिलला भेटला. दोघं बोलले, कुणी कुणाला बदललं नाही, आणि सुलतानानं त्याला सुखरूप परत पाठवलं. शिंग ही त्याची भेट, असं परंपरा सांगते. त्याचे धर्मबंधू तर याहून पुष्कळ दूर गेले. आमच्या ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन मारले गेले, तोलेंतीनोचा तोमास आणि त्याचे तीन सोबती. पुढे ओदोरिक नावाच्या त्यांच्याच पंथाच्या प्रवाशानं त्यांच्या अस्थी ठाण्याहून चीनला नेल्या. फ्रान्सिसला जाऊन तेव्हा शंभर वर्षंही झाली नव्हती. कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण ठाण्याचं नाव इटलीत तेव्हाच पोचलं होतं.

पाखरं आणि लांडगा राहिलेच. पाखरांचं चित्र वरच्या बासिलिकात, दाराशेजारच्या भिंतीवर आहे: तो वाकून बोलतोय आणि ती जमिनीवर उतरून ऐकताहेत. गुब्बियोच्या लांडग्याची कथा त्याच्या मरणानंतर शंभरेक वर्षांनी लिहिल्या गेलेल्या पुस्तकात येते. त्यातही मला करार आवडतो: गावानं लांडग्याला रोज खायला घालायचं, लांडग्यानं कुणाला इजा करायची नाही, आणि लांडगा पंजा पुढे करून वचन देतो. मुलांच्या अधिक ओळखीचं काही सांगायचं तर नाताळचा गोठा. १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावात त्यानं खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून येशूजन्माचा देखावा मांडला. आज वसईत आणि गोव्यात अंगणाअंगणांत मुलं गवत-माती लावून गोठे करतात, त्यांचं मूळ शोधत गेलं की आपण ग्रेच्चोला पोचतो.

शेवटचा दिवस खाली सपाटीवर, स्टेशनजवळच्या सांता मारिया देली आंजेलीत. अवाढव्य घुमटाची बासिलिका, आणि तिच्या बरोबर मध्ये, मोठ्या दिवाणखान्यात कुणी झोपडी ठेवावी तशी, पोर्त्सियुंकोला. सात मीटर लांब, चार मीटर रुंद. फ्रान्सिसनं स्वतःच्या हातांनी डागडुजी केलेलं हे आणखी एक पडकं चर्च. १२०८ च्या सुमारास इथेच शुभवर्तमानातला एक उतारा त्याच्या कानावर पडला: येशूचे शिष्य निघाले तेव्हा त्यांनी थैली, काठी, पायताण काही घेतलं नाही. त्यानं तिथल्या तिथे जोडे काढले, चामडी पट्टा टाकला आणि कमरेला दोरी बांधली. गोव्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भाचीला इथे मिळालं. तिनं मान डोलावली आणि त्या काळवंडलेल्या दगडी भिंतीवरून तळवा फिरवला.

या चर्चजवळच तो वारला, ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस. डोळे जवळजवळ गेलेले. आदल्या वर्षी अशाच अवस्थेत सान दामियानोत त्यानं सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारं स्तोत्र रचलं होतं, लॅटिनमध्ये नाही, घरच्या उंब्रियन बोलीत. मरताना त्यानं स्वतःला उघड्या जमिनीवर ठेवायला सांगितलं. अंगावरचा झगाही काढून टाकला, काहीच आपलं नको म्हणून. तेव्हा एका धर्मबंधूला सुचलं. त्यानं झगा पुढे केला आणि म्हटलं, हा तुला उसना देतोय, तुझा नाही, त्यामुळे कुणाला देऊन टाकायचा हक्कही तुला नाही. फ्रान्सिस आनंदानं कबूल झाला. कापडवाल्याच्या मुलाच्या अंगावरचं शेवटचं वस्त्र उसनं होतं.

आणि कफनाचं कापड बाईनं आणलं. रोमची याकोपा, त्याची मैत्रीण, जिला तो 'ब्रदर याकोपा' म्हणायचा. राखी रंगाचं कापड, मेणबत्त्या आणि रोमला ती त्याला करून घालायची ती बदामाची मिठाई घेऊन ये, असा निरोप त्यानं लिहायला घेतला होता. निरोप निघण्याआधीच ती सगळं घेऊन दारात हजर झाली. याकोपा आता संत फ्रान्सिसच्या बासिलिकात त्याच्या कबरीसमोरच आहे. ती मिठाई, मोस्ताच्चोली, असिसीच्या बेकऱ्यांत मिळते. आम्ही पाव किलो घेतली. घट्ट, दाताला चिकटणारी. अर्धी भाचीनं बाबांसाठी बांधून ठेवली.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. असिसी ते फोलिन्यो गाडीला पंधरा मिनिटं. शेतं, ऑलिव्ह, मध्येच एखादा जुना मनोरा. ती अंतर मोजत असावी.

"आत्या, त्यानं कपडे परत दिले ते घडी घालून दिले का?"

मी चित्र आठवून पाहिलं. "बापाच्या हातावर आहेत ते नुसते गोळा केलेले दिसतात."

ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. गाडी फोलिन्योच्या फलाटाला लागत होती.

"मग त्याच्या बाबांनी घरी नेऊन घातली असेल घडी."